'एमएच' म्हणजे मार्शल आयलंड्स: पायकंट्री वापरून देशांचा रकाना साफ करताना

दिवाळी अंकाच्या परदेशी वर्गणीदारांची एक्सेल फाइल उघडा, नाहीतर परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाची सभासद यादी. 'देश' या रकान्यात एकाच देशासाठी 'यूएसए', 'यू. एस.', 'अमेरिका', 'युनायटेड स्टेट्स' आणि चक्क 'न्यू जर्सी' असं सगळं सापडतं. कुणी इंग्रजीत लिहितं, कुणी देवनागरीत, कुणी देशाच्या जागी राज्य किंवा शहर भरून मोकळं होतं. अशा यादीवरून देशवार अंक मोजायचे, टपालखर्चाचा अंदाज काढायचा किंवा लेबलं छापायची तर आधी प्रत्येक ओळीला देशाची एकच पक्की ओळख द्यावी लागते. ती ओळख म्हणजे देशाचं नाव नव्हे, त्याचा कोड. नाव बदलतं, भाषेगणिक वेगळं असतं, स्पेलिंगला चुकतं. कोड दोन अक्षरांचा आणि ठाम असतो.

हे काम पायथनमधली पायकंट्री ही छोटी लायब्ररी करते. ती नीट वापरली तर हजार ओळींचा रकाना तासाभरात सरळ होतो. डोळे झाकून वापरली तर चुका इतक्या व्यवस्थित दिसतात की कुणाला शंकाही येत नाही.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीतच लिहायची. फंक्शनांची आणि फील्डची नावं सगळी लहान अक्षरांत असतात आणि दोन शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर येतो. 'सर्च फझी' हे फंक्शन म्हणजे सर्च, अंडरस्कोर, फझी. आकडेही रोमनच हवेत. अवतरणात देवनागरी '३५६' लिहिलं तर लायब्ररीला भारत सापडणार नाही.

लायब्ररीच्या पोटात काय आहे

पायकंट्री ही जगाची ॲटलास नाही. ती देशांचे कोड ठरवणाऱ्या आयएसओ ३१६६ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची यादी आहे. सोबत भाषा, लिप्या आणि चलनं यांच्या प्रमाण याद्याही येतात. हा सगळा माल डेबियन प्रकल्पाच्या 'आयएसओ-कोड्स' या संचातून घेतला जातो आणि लायब्ररीबरोबरच तुमच्या संगणकावर उतरतो. त्यामुळे चौकशी करताना इंटरनेट लागत नाही, नोंदणीची चावी लागत नाही आणि दिवसाला किती वेळा विचारायचं यावर मर्यादाही नसते.

देशांच्या यादीत २४९ नोंदी आहेत. संयुक्त राष्ट्रांचे सभासद १९३, मग वरचे कुठून आले? हाँगकाँग, ग्वाम, ग्रीनलंड, अंटार्क्टिका अशा प्रदेशांनाही या प्रमाणात स्वतंत्र कोड आहेत. उलट इंग्लंड आणि स्कॉटलंड देश म्हणून यादीत नाहीत, ते ब्रिटनचे विभाग आहेत. कोसोव्होही नाही. 'एक्सके' हा त्याचा सर्रास वापरला जाणारा कोड प्रमाणाबाहेरचा आहे. तुम्हाला तो हवाच असेल तर 'ॲड एन्ट्री' हे फंक्शन कंट्रीजच्या यादीत नोंद घालू देतं, पण ती नोंद तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंतच टिकते. दर वेळी सुरुवातीला पुन्हा घालावी लागते.

राजधानी, लोकसंख्या, टेलिफोनचा कोड, देशाचं चलन यांतलं काहीही देशाच्या नोंदीत मिळत नाही. चलनांची यादी आहे, पण कुठला देश कुठलं चलन वापरतो हे जोडून दिलेलं नाही. चलनाच्या कोडची पहिली दोन अक्षरं बहुतेकदा देशाच्या कोडची असतात, म्हणून 'आयएनआर'वरून 'आयएन' ओळखता येतो. युरोच्या बाबतीत ही युक्ती लगेच फसते. फोन नंबरावरून देश ओळखायचा असेल तर 'फोननंबर्स' ही वेगळी लायब्ररी घ्या. स्वतः पहिले आकडे कापत बसू नका. अधिक एक या क्रमांकाखाली अमेरिका आणि कॅनडाच नव्हे, कॅरिबियनमधले कितीतरी देश येतात, आणि अधिक सात रशिया नि कझाकस्तान यांच्यात वाटलेला आहे.

बसवणं

आधी प्रकल्पासाठी वेगळं फोल्डर करा, त्यात पायथनच्या 'वेन्व्ह' मॉड्यूलने आभासी वातावरण बनवा आणि ते चालू करा. मग पिप इन्स्टॉल, पुढे लायब्ररीचं नाव. ते नाव पी-वाय या दोन अक्षरांपुढे कंट्री हा शब्द जोडून होतं. एकवचनी, सलग, मध्ये जागा नाही आणि रेघही नाही.

आवृत्तीचे क्रमांक वर्षावरून पडतात. २४.६.१ म्हणजे २०२४ च्या जूनमधली. रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत आवृत्ती दोन बरोबर चिन्हांनी बांधून ठेवा. आवृत्ती बदलली की कोड तोच राहूनही देशाचं नाव बदललेलं असू शकतं. ते का महत्त्वाचं, ते पुढे येईलच.

नवख्यांची हमखास चूक एकच. सरावाच्या फाइलीला लायब्ररीचंच नाव दिलं जातं. मग इम्पोर्ट करताना पायथन तुमचीच फाइल उचलतो आणि 'कंट्रीज नावाचं काही नाही' असा ॲट्रिब्यूट एरर येतो. लायब्ररी दहा वेळा काढून पुन्हा बसवली तरी तो जात नाही. फाइलीचं नाव बदला, तेवढंच पुरतं.

चौकशीची तीन दारं

पहिलं दार 'गेट'. पायकंट्री, डॉट, कंट्रीज, डॉट, गेट असं लिहून कंसात 'अल्फा, अंडरस्कोर, २' बरोबर 'आयएन' द्यायचं. उत्तरात भारताची नोंद येते: दोन अक्षरी कोड 'आयएन', तीन अक्षरी 'आयएनडी', अंकी '३५६', नेममध्ये 'इंडिया', ऑफिशियल नेममध्ये 'रिपब्लिक ऑफ इंडिया' आणि फ्लॅगमध्ये तिरंग्याचं चिन्ह. कसोटी एका वेळी एकच चालते, दोन दिल्या तर टाइप एरर. नोंद नसेल तर 'नन' हे रिकामं उत्तर मिळतं, चूक उठत नाही. गोंधळ इथेच होतो. लोक त्याच ओळीत पुढे डॉट नेम लावतात आणि प्रोग्रॅम नन टाइपला नाव नसल्याची तक्रार करत बंद पडतो. आधी उत्तर एका चलात घ्या, ते नन नाही ना हे पाहा, मगच पुढे जा.

अंकी कोड हा आकडा नसून तीन अंकांचा मजकूर आहे. अफगाणिस्तान '००४', ऑस्ट्रेलिया '०३६', ब्राझील '०७६'. पुढची शून्यं महत्त्वाची आहेत. अवतरणाशिवाय नुसता आकडा दिला तर भारतही सापडत नाही. एक्सेल ही शून्यं परस्पर खाऊन टाकतं. तुमच्याकडे '४' किंवा '३६' असं आलं असेल तर 'झेडफिल' वापरून तीन अंक पुरे करून घ्या.

दुसरं दार 'लुकअप'. त्याला फील्डचं नाव सांगावं लागत नाही. दिलेला मजकूर नाव, अधिकृत नाव आणि तिन्ही कोड यांतल्या कशाशीही तंतोतंत जुळला की नोंद मिळते. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जात नाही. जुळलं नाही तर लुकअप एरर येतो, तो ट्राय-एक्सेप्टमध्ये पकडावा.

तिसरं 'सर्च फझी'. नावामुळे लोकांची फसगत होते. फझी म्हटलं की टायपिंगची चूक सुधारून देईल असं वाटतं. ते तसं करत नाही. ते दिलेला तुकडा देशांच्या आणि त्यांच्या विभागांच्या (राज्यं, प्रांत) नावांत शोधतं, प्रत्येक जुळणीला गुण देतं आणि जास्त गुणांचा देश वर ठेवून यादी परत करतं. 'जर्मनी'तलं मधलं एक अक्षर गाळून पाहा, लुकअप एररच येईल. गुण किती पडले हेही ते सांगत नाही, नुसता क्रम देतं. त्यामुळे अमुक गुणांच्या वरचं उत्तर घ्यायचं अशी सोय नाही.

विभागही शोधले जात असल्यामुळे 'इंग्लंड' विचारल्यावर ब्रिटन आणि 'महाराष्ट्र' विचारल्यावर भारत मिळतो. पण 'पंजाब' विचारलं की भारत आणि पाकिस्तान दोन्ही येतात. 'जॉर्जिया'ला कॉकेशसमधला देशही येतो आणि अटलांटा ज्या राज्यात आहे ती अमेरिकाही. 'नायजर' शोधलं की नायजेरिया येतो, कारण नायजेरियात त्या नावाचं एक राज्य आहे. 'यूके' शोधलं तर उत्तरांत युक्रेन दिसतो, त्याच्या इंग्रजी नावाची सुरुवातच त्या दोन अक्षरांनी होते. ब्रिटनचा कोड 'जीबी' आहे. 'अमेरिका' इंग्रजीत लिहून शोधलं तर अमेरिकन सामोआ संयुक्त संस्थानांना मागे टाकतो, कारण तुकडा नावाच्या जितका सुरुवातीला तितके गुण जास्त. संयुक्त संस्थानांच्या अधिकृत नावात तो शब्द शेवटी आहे. म्हणून यादीतलं पहिलं उत्तर काढून थेट रकान्यात भरणारी ओळ कुणाच्याही कोडमध्ये दिसली तर ती खोडा.

हाताने तुकडे जुळवणं तर याहून धोक्याचं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ओमान' हा अख्खा शब्द 'रोमानिया'च्या पोटात आहे, 'माली' हा 'सोमालिया'च्या, आणि नावात 'गिनी' असलेले चार देश आहेत.

साफसफाईचा क्रम

मूळ रकान्याला हात लावू नका. त्याच्या शेजारी तीन नवे रकाने करा: स्वच्छ मजकूर, कोड आणि शेरा. शेऱ्यात चारच शब्द वापरा: नेमकं, टोपणनाव, अंदाज, तपासा. महिन्याभराने कुणी 'हा माणूस मालीत कसा गेला' असं विचारलं तर उत्तर या रकान्यात सापडायला हवं.

ओळी कितीही असोत, वेगवेगळे मजकूर फारसे नसतात. आधी तेवढेच वेगळे काढा आणि प्रत्येकाची चौकशी एकदाच करा. सर्च फझी दर वेळी हजारो विभागांतून फिरतं, म्हणून ओळीओळीला बोलावलं तर प्रोग्रॅम रेंगाळतो.

१. मजकूर धुऊन घ्या. पुढची-मागची जागा काढा, मधल्या दुहेरी जागा एक करा, पूर्णविराम गाळा म्हणजे 'यू. एस. ए.' सरळ होईल. देवनागरीसाठी आणखी तीन कामं आहेत. 'युनिकोडडेटा' मॉड्यूलने मजकूर एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात आणा. जोडाक्षरांत लपून बसलेले दोन अदृश्य वर्ण, झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे, वेगळे काढून टाका, कारण एनएफसी त्यांना हात लावत नाही. आणि 'अ'वर अर्धचंद्र देऊन केलेला 'ॲ' व एकसंध 'ॲ' यांतलं एकच रूप ठेवा. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला नाही. हीच धुलाई तुलनेच्या दुसऱ्या बाजूलाही करायची. एकाच बाजूला केली तर जुळणारी नावंही जुळेनाशी होतात.

२. टोपणनावांची यादी पाहा. ही यादी तुम्हीच करायची: दोन रकान्यांची साधी सीएसव्ही, डावीकडे लोक लिहितात तो मजकूर, उजवीकडे कोड. 'अमेरिका', 'इंग्लंड', 'हॉलंड', 'दुबई', 'अबुधाबी', 'टर्की', 'तुर्कस्तान', 'बर्मा', 'स्वाझीलंड'. दुबई इथे का? विभागांच्या यादीत ती अरबी उच्चाराला धरून केलेल्या वेगळ्या स्पेलिंगने नोंदलेली आहे, म्हणून आपल्या नेहमीच्या स्पेलिंगने सापडत नाही. टर्कीचं नाव या प्रमाणात २०२२ मध्ये 'तुर्किये' झालं, जुनं नाव तंतोतंत जुळत नाही. ही फाइल कोडच्या बाहेर ठेवा, म्हणजे प्रोग्रॅमिंग न येणारी माणसंही तीत भर घालतील. तीस-चाळीस नोंदींत बहुतेक यादी आटोक्यात येते. 'आखाती देश' किंवा 'युरोप' असं लिहिणाऱ्यांना मात्र फोनच करावा लागतो.

३. मग लुकअप, पण एका अटीवर: मजकूर दोन अक्षरांचा असेल तर त्याला 'नेमकं' म्हणायचं नाही. शीर्षकातला मार्शल आयलंड्स इथून आला. गाडीच्या नंबरप्लेटच्या सवयीने कुणी 'एमएच' लिहिलं तर लुकअप क्षणाचाही विचार न करता मार्शल आयलंड्स देतं, कारण त्या देशाचा कोड तोच आहे. गोव्याचा 'जीए' गाबोन होतो, तमिळनाडूचा 'टीएन' ट्युनिशिया, मेघालयाचा 'एमएल' माली, मणिपूरचा 'एमएन' मंगोलिया, बिहारचा 'बीआर' ब्राझील. अमेरिकेतल्या पत्त्यांचंही तसंच आहे: कॅलिफोर्निया कॅनडात जातं, डेलावेअर जर्मनीत, इलिनॉय इस्राएलमध्ये, पेनसिल्व्हेनिया पनामात. शिवाय मनाने बनवलेले कोड असतातच. 'एसए' लिहिणाऱ्याला दक्षिण आफ्रिका म्हणायची असते, तो कोड सौदी अरेबियाचा आहे. 'सीएच' म्हणजे चीन नव्हे, स्वित्झर्लंड. या चुकांत लाल अक्षरांत काही छापून येत नाही, उत्तर अगदी बरोबर दिसतं. दोन अक्षरांच्या प्रत्येक मजकुराला 'तपासा' हा शेरा द्या आणि शेजारचा पिनकोड किंवा शहर बघून माणसाने ठरवावं. रकाना एखाद्या प्रणालीतून कोड म्हणूनच आला असेल, तरच ही अट सोडा.

४. टायपिंगच्या चुकांसाठी पायथनसोबतच येणारं 'डिफलिब' मॉड्यूल आहे, त्यातलं 'गेट क्लोज मॅचेस'. सगळ्या नावांची यादी द्या आणि साम्याची किमान मर्यादा ०.८५ ठेवा. मुळात ती ०.६ असते, तेवढ्यात कुणीही कुणाशी जुळतं. ०.८५ लाही पूर्ण भरवसा नको. इंग्रजीत 'ऑस्ट्रेलिया' लिहिताना मधला 'ए' राहून गेला, तर ऑस्ट्रेलियाशी साम्य सुमारे ०.९४ येतं आणि ऑस्ट्रियाशी ०.९३. म्हणजे निकाल केसाच्या फरकाने लागतो. पहिल्या दोन उत्तरांत ०.०५ पेक्षा कमी अंतर असेल तर 'तपासा', एरवी 'अंदाज'. हे साम्य 'सीक्वेन्स मॅचर'ने वेगळं मोजून घ्यावं लागतं, कारण गेट क्लोज मॅचेस आकडे परत देत नाही.

५. उरलेल्यांवर सर्च फझी, तेही चार अक्षरांहून मोठ्या मजकुरावरच. एकच देश आला तर 'अंदाज', एकाहून जास्त आले तर कोड रिकामा ठेवून 'तपासा'. काहीच न मिळाल्यासही 'तपासा'.

शेवटी माणसाने बघायचे ते 'तपासा' आणि 'अंदाज' हे दोन गठ्ठे. तिथे घेतलेला प्रत्येक निर्णय टोपणनावांच्या फाइलीत लगेच उतरवा. पुढच्या वर्षीची यादी आली की गठ्ठे निम्म्याहून लहान झालेले दिसतील. दोन अक्षरी मजकूर मात्र त्या फाइलीत कधीच घालायचे नाहीत, कारण 'एमएच' लिहिणारा पुढचा माणूस खरंच मार्शल आयलंड्सचा असू शकतो. (शक्यता कमी, पण यादी दिवाळी अंकाचीच असेल असं नाही.)

देशांची मराठी नावं

पायकंट्रीसोबत भाषांतरांचं फोल्डर येतं, त्याचा पत्ता 'लोकेल्स डिर' या चलात असतो. ते नाव सगळं मोठ्या अक्षरांत लिहायचं. पायथनच्या भाषांतरं शोधून देणाऱ्या 'गेटटेक्स्ट' मॉड्यूलला क्षेत्राचं नाव म्हणून आयएसओ ३१६६-१, हा पत्ता आणि भाषा 'एमआर' दिली की इंग्रजी नावाचं मराठी रूप मागता येतं. नाव लायब्ररीत जसं आहे तसंच, स्वल्पविरामासकट द्यावं लागतं. भाषांतर नसेल तर इंग्रजी नाव गुपचूप परत येतं, त्यामुळे छापण्याआधी रोमन अक्षरं राहिली आहेत का ते तपासा.

याहून चांगला मार्ग 'बेबल' ही लायब्ररी. तिच्यात युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर संग्रहातली मराठी नावं आहेत. 'लोकेल'ला 'एमआर' देऊन 'टेरिटरीज' मागितलं की कोडावरून नाव सांगणारा कोश मिळतो: 'आयएन'ला भारत, 'जेपी'ला जपान, 'एनपी'ला नेपाळ. नावाची जुळणी करावी लागत नाही, कोड पुरतो, म्हणून गेटटेक्स्टपेक्षा हा सरस. त्या कोशात देशांखेरीज जग, आशिया, युरोपीय संघ आणि 'अज्ञात प्रदेश' अशाही नोंदी असतात. म्हणून कोशावर फिरू नका. पायकंट्रीच्या २४९ कोडांवर फिरा आणि एकेकाचं नाव कोशातून घ्या. हाच कोश उलटा केला की देवनागरीत लिहिलेले देश ओळखण्यासाठी टोपणनावांच्या फाइलीला आयती भर मिळते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र तुमच्या तुम्हालाच घालाव्या लागतील. 'न्यूझीलंड' किती तऱ्हांनी लिहिलं जातं ते एकदा मोजून पाहा.

ड्रॉपडाउनसाठी मराठी नावं अकारविल्हे लावताना पायथनचं साधं सॉर्टिंग युनिकोडच्या क्रमाने चालतं. त्यात एकसंध 'ॲ' सगळ्या व्यंजनांच्या पलीकडे बसलेला आहे, त्यामुळे तुम्ही 'ॲ'ने लिहिलेलं नाव झिम्बाब्वे, स्लोव्हाकिया, हैती यांच्याही खाली जातं. 'ळ' आपल्या वर्णमालेत 'ह'नंतर येतो, युनिकोडमध्ये 'ल'ला चिकटून आहे. काटेकोर क्रमासाठी पायआयसीयू ही लायब्ररी आहे, पण विंडोजवर ती बसवताना दमछाक होते. देशांच्या यादीपुरतं सॉर्टच्या चावीत 'ॲ'च्या जागी 'अ' घातलं की काम भागतं.

पाकिटावरचं लेबल

परदेशी टपालात पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर देशाचं नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहितात. तिथे नेम हे फील्ड थेट छापू नका. बोलिव्हियाच्या नेममध्ये आधी 'बोलिव्हिया', मग स्वल्पविराम आणि पुढे 'प्लुरिनॅशनल स्टेट ऑफ' असं शेपूट आहे. अशा काही देशांना 'कॉमन नेम' हे वेगळं फील्ड दिलेलं असतं, त्यात सुटसुटीत नाव मिळतं. सगळ्यांना ते नाही. भारताला नाही, कॅनडाला तर ऑफिशियल नेमही नाही. जुन्या आवृत्त्यांत नसलेलं फील्ड मागितलं की ॲट्रिब्यूट एरर येतो, नव्या आवृत्त्यांत या दोन फील्डच्या जागी नेम मिळतं आणि पडद्यावर इशारा उमटतो. दोन्हीकडे चालावं म्हणून 'गेटॲट्र' वापरा आणि तिसऱ्या जागी नेम द्या. त्यानंतरही स्वल्पविराम उरलाच, जसा काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाच्या नावात, तर आपली आठ-दहा नावांची यादी हाताने केलेली बरी. काँगो दोन आहेत, 'सीडी' आणि 'सीजी', हे ती करताना ध्यानात ठेवा.

लेबलावर झेंडा टाकायचा मोह झाला तर फ्लॅग फील्ड विंडोजवर बहुतेक ठिकाणी झेंड्याऐवजी नुसती दोन अक्षरं दाखवतं. छपाईला झेंड्यांची वेगळी चित्रंच लागतात.

राज्यं, आणि इतिहासजमा देश

'सबडिव्हिजन्स' या यादीत गेटला कोड म्हणून 'आयएन-एमएच' दिलं की महाराष्ट्र मिळतो. 'कंट्री कोड' बरोबर 'आयएन' दिलं तर मात्र एक नोंद न येता सगळा संच येतो, गेटच्या एरवीच्या वागण्याला हा अपवाद आहे. आपली २८ राज्यं आणि ८ केंद्रशासित प्रदेश मिळून ३६ नोंदी यायला हव्यात. दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव वेगवेगळे दिसले तर तुमची प्रत जुनी आहे. ते २६ जानेवारी २०२० पासून एक झाले आहेत. नावांतल्या दीर्घ स्वरांवर आडव्या रेघा असतात, म्हणून राज्यंही नावाने न जुळवता कोडने जुळवा. पण राज्यांचे कोड देशांइतके स्थिर नाहीत: नोव्हेंबर २०२३ मध्ये ओडिशा 'ओआर'वरून 'ओडी' झालं आणि छत्तीसगड 'सीटी'वरून 'सीजी'. जुन्या डेटाबेसात हे कोड असतील तर जुन्या-नव्याची जोडयादी ठेवावी लागते.

प्रमाणातून गेलेले देश 'हिस्टॉरिक कंट्रीज'मध्ये चार अक्षरी कोडांनी मिळतात. त्यात सोव्हिएत संघ आहे, युगोस्लाव्हिया आहे, आणि सिक्कीमही. १९७४ मध्ये हे प्रमाण पहिल्यांदा निघालं तेव्हा सिक्कीमला स्वतंत्र कोड होता, 'एसके'. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात आलं, कोड मोकळा झाला आणि पुढे तोच स्लोव्हाकियाला मिळाला. आज सिक्कीमची नंबरप्लेट 'एसके'च आहे आणि लुकअपला विचाराल तर ते स्लोव्हाकिया म्हणेल. चेकोस्लोव्हाकियाचा 'सीएस' असाच नंतर काही वर्षं सर्बिया-माँटेनेग्रोकडे होता. जुने दस्तऐवज हाताळताना कोडसोबत वर्ष साठवायला हवं ते यासाठी.

फाइलीत शिरताना आणि निघताना

पांडास या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने सीएसव्ही वाचत असाल तर नामिबिया नाहीसा होतो. त्याचा कोड 'एनए', आणि पांडास ही दोन अक्षरं 'माहिती नाही' अशी वाचतं. 'कीप डिफॉल्ट एनए' हा पर्याय फॉल्स करा आणि 'डीटाइप' एसटीआर ठेवा, म्हणजे अंकी कोडांची शून्यंही वाचतील. नॉर्वेचा 'एनओ' यॅमल या सेटिंग्जच्या फाइलप्रकारात जुन्या नियमांनी 'नाही' या अर्थाने वाचला जातो, त्या फाइलीत कोडांना अवतरण द्या.

एक्सेलमधून जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. साधी सीएसव्ही केली तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत. अशी फाइल पायथनमध्ये उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-एसआयजी' द्या, नाहीतर पहिल्या रकान्याच्या शीर्षकाला एक अदृश्य खूण चिकटते आणि डोळ्यांसमोर असलेला रकाना सापडत नाही. बाहेर लिहिताना स्वल्पविराम जोडून ओळी बनवू नका, 'सीएसव्ही' मॉड्यूलकडूनच लिहून घ्या. बोलिव्हियाचा तो स्वल्पविराम तिथेही ओळ मोडतो.

आवृत्ती वाढवायच्या आधी सध्याच्या २४९ कोडांची आणि नावांची एक फाइल काढून ठेवा. वाढवल्यावर तशीच दुसरी काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून फरक बघा. ज्या ओळीत कोड तोच आणि नाव वेगळं, तिथलं जुनं नाव उचलून टोपणनावांच्या फाइलीत टाका, मगच नवी आवृत्ती कामाला लावा.